सामाईक काही नाही

फोंड्याच्या पतसंस्थेत दुसऱ्या मजल्यावर,
बरोब्बर तिजोरीच्या डोक्यावर,
दोन यंत्रं. भिंत एक, वीज एक, एसी एक,
डिस्क मात्र ज्याची त्याची.
पूर्वी दोघांत एकच पेटी होती,
दोन बिऱ्हाडांत एक विहीर असावी तशी;
ती आटली की दोघंही तहानलेली.
पेटी मी काढली.
आता पहिला लिहितो, दुसरा लिहितो,
आणि दुसऱ्यानं 'उतरवलं' म्हटल्याशिवाय
पहिला खिडकीवर पावती सोडत नाही.

पण मधली तार तुटली
की दोघांनाही वाटतं, समोरचा गेला.
दोघंही घरचे कर्ते होऊन बसतात,
दोन वह्या दोन वाटांनी भरत जातात,
आणि त्या पुन्हा जुळवणारा जन्माला यायचा असतो.
म्हणून म्हापशाच्या शाखेत,
प्रथमोपचार पेटीच्या बाजूला, एक तिसरं ठेवलंय, लहानसं.
त्याला कुणाचं खातं ठाऊक नाही, शिल्लक ठाऊक नाही.
कोण जिवंत, एवढं विचारलं की सांगतं.
मला ते फार आवडतं.

खरी तिसरी प्रत काणकोणला.
"करमल घाटापलीकडे? इतका खर्च?" एक संचालक म्हणाले.
अध्यक्ष लाडूबाब हसले,
"फोंड्यात बसून हे विचारता?
इथले अर्धे देव नदी ओलांडून आले, म्हणून आहेत."
सही झाली.

काणकोणची तार बारीक.
तिथली प्रत मागून येते, धापा टाकत.
तिच्यासाठी थांबायचं तर फोंड्याची रांग जिन्यावर येईल,
म्हणून तिला मागे राहायची मुभा दिली.
कागदावर लिहिलं: पंधरा मिनिटं गेली तरी चालतील.

शनिवारी रात्री, पावणेदहाला,
कुणाला न सांगता मी मेन स्विच पाडला.
एसी थांबला तेव्हा कळलं तो किती बोलायचा.
खालच्या बेकरीतून पावाचा वास वर आला.

दूरच्या प्रतीला आपणहून कर्ती होता येत नाही.
माणसानं म्हणावं लागतं: आता तू.
तिकडे तुळशिदास वेळीपनं लाखेचा लिफाफा फोडला,
फोनवर म्हणाला, "बाय, हें शून्य काय ओ?"
अक्षर माझंच. मला आठवेना.
"आधी शून्य घाल."
नाही.
"मग ओ."

एकोणीस मिनिटांत काणकोण उभं राहिलं.
कुणीतरी टाळ्या वाजवल्या.
मी शेवटचे आकडे ताडून पाहिले: अकरा सेकंद कमी.
अकरा सेकंदांत तीन नोंदी.
दोन व्याजाच्या, यंत्र पुन्हा काढील.
तिसरी पन्नास रुपये, पिग्मी, रुझारिना बार्रेटो,
चावडीच्या बाजारात मासळी विकते.
काणकोणच्या यंत्रापासून हाकेच्या अंतरावर दिलेले पैसे
फोंड्याला गेले,
आणि परत घरी पोचायच्या आत
मी स्विच पाडला.

"पंधरा मिनिटं मान्य केलीत ना तुम्हीच?
अकरा सेकंदांचं काय घेऊन बसलात?"
खरंच होतं. मी मान डोलावली
आणि पिग्मीवाल्या उल्हास पागीला झोपेतून उठवलं.
दिवा लावल्याचा आवाज. पानं उलटल्याचा.
"रुझारिना... पन्नास. हां, आसा.
कोपरो भिजला मात्सो, तिच्या हाताचें उदक.
वाचूंक येता."

माझ्या आराखड्यात चौकोन चार होते,
बाण पाच.
पागीची वही त्यात कुठंच नव्हती.

पहाटे फोंड्याला वीज दिली.
आता ते काणकोणकडून शिकत होतं,
रात्रभरात काय झालं ते, ओळीनं,
उलट्या बाणानं.
मी खिडकी उघडून चहा प्यायले,
आणि नवा लिफाफा केला.
या वेळी शून्याच्या पोटात
एक तिरकी रेघ मारली.